सरांचा बेल्ट आणि आमची रद्दी

त्या शनिवारी सकाळी मी आमच्या घरातली तीन महिन्यांची रद्दी एका माणसाच्या चौतीस वर्षांच्या मेहनतीने बांधली आणि रद्दीवाल्याच्या गाडीवर ठेवून दिली. वर त्याला ‘गाठ पक्की आहे हो’ असंही ऐकवलं.

घरातली सुतळी संपली होती. बायको तीन आठवडे ‘रद्दी, रद्दी’ असा जप करत होती आणि त्या सकाळी तिने जप थांबवून माझ्याकडे नुसतं बघायला सुरुवात केली. संसारात मुरलेला नवरा बोलण्याला भीत नाही, बघण्याला भितो. मी घरभर दोरी शोधत सुटलो. लेकीच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर एक जाड, कळकट, करडी पट्टी लोंबत होती. कडेने दोरे सुटलेले, मधे मधे कापूस डोकावतोय, कुठेतरी काळपट डाग. जुन्या गादीची कड असावी असा मी निष्कर्ष काढला. गठ्ठ्याभोवती ती आवळली, वर गुडघा दिला, गाठ मारली आणि ‘कामाला लागलो की असा’ या अर्थाने बायकोकडे पाहिलं. तिने तेव्हा गठ्ठ्याकडे न बघताच चक्क मान डोलावली. तेवढंच सुख मला त्या दिवसात मिळालं.

साडेबाराला लेक शाळेतून आली. वय वर्षं नऊ. तिचं शाळेतलं नाव वेगळं, पण घरात तिला आम्ही सगळे भागू म्हणतो. भित्री भागूबाई म्हणतात ना, त्यातली भागू. मिक्सर लावला की ती बाल्कनीत जायची, शेजारचं मांजर आलं की बाल्कनीतून आत यायची. तिचं बोलणं ऐकायचं तर पंखा बंद करावा लागे. तर भागू खोलीत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, खुंटीवरचा बेल्ट?”

“कुठला बेल्ट?”

“सरांचा. ब्लॅक बेल्ट.”

“काळं काहीच नव्हतं गं तिथे. एक जुनी मळकी पट्टी होती, ती मी रद्दीला…”

वाक्य पूर्ण करायची वेळ आली नाही. बायको हातातला डाव ओट्यावर ठेवून खाली बसली. भागू रडली नाही, तिच्या ओठांचा रंग मात्र गेला. तेवढ्यावरून मला कळलं की मी केलेल्या पराक्रमांच्या यादीत आज वरच्या क्रमांकाची भर पडली आहे.

आता हा बेल्ट आणि हे सर कोण, ते सांगायला हवं.

सर म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ. साठीला टेकलेले, अंगाने सडपातळ, मिशी नाही, बोलणं त्याहून नाही. सोमवार ते शनिवार ते लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि स्वतः मात्र जिन्याने चढतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, “आत काय आहे ते मला माहीत आहे.” त्यानंतर महिनाभर मीही जिन्याने चढलो.

आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी ते मुलांना कराटे शिकवतात. जागा म्हणजे टायरच्या दुकानाच्या वरचा लांबलचक हॉल. पायऱ्या चढताना आधी रबराचा वास येतो, मग पायांचा. दाराशी सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणतात, हजेरीची वही घेऊन बसलेल्या असतात. आत निळ्या गाद्या अंथरलेल्या, भिंतीवर एक घड्याळ आणि एक आरसा, आणि आरशावर लिहिलेलं, ‘इथे बघून केस नीट करू नयेत’. चपला-बूट भिंतीला समांतर, टोकं दाराकडे. उशिरा येणाऱ्याने दाराशी गुडघ्यांवर बसायचं, सरांनी मान हलवली की आत यायचं. एकदा एका मुलाचे वडील त्याला सोडायला आले आणि उशीर झाला म्हणून मुलासोबत स्वतःही गुडघ्यांवर बसले. सरांनी मुलाला आत घेतलं आणि वडलांना विसरले. ते गृहस्थ पाऊण तास तसेच होते. असं काकू सांगतात. ते गृहस्थ मी होतो, हे त्या सांगत नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा.

लहान मुलांचे बेल्ट आईबापांनी घरून बांधून आणायचे असतात. इथेच माझं आणि सरांचं कधी जमलं नाही. कराट्याच्या गाठीला म्हणे शिस्त असते. गाठ सपाट बसली पाहिजे आणि दोन्ही टोकं सारखी, डावी-उजवीकडे उतरलेली दिसली पाहिजेत. माझ्या गाठीचं एक टोक छताकडे बघतं, दुसरं जमिनीकडे. सर दर खेपेला भागूसमोर वाकत, माझी गाठ सोडत, आपली बांधत आणि मला नुसतं म्हणत, “उलटी.” दोन वर्षांत त्यांनी मला नऊ वेळा शिकवलं. मी नऊ वेळा ‘हां, आत्ता कळलं’ म्हणालो.

या क्लासची एक रीत आहे, जी मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. दर रविवारी सर आपला जुना ब्लॅक बेल्ट एका मुलाला आठवडाभर घरी न्यायला देतात. सगळ्यात उंच लाथ मारणाऱ्याला नाही, स्पर्धा जिंकणाऱ्यालाही नाही. ज्याला जे जमत नव्हतं ते त्या आठवड्यात ज्याने केलं, त्याला. बेल्ट घालायचा नाही, धुवायचा नाही, कुणाला मिरवून दाखवायचा नाही. खुंटीला टांगायचा आणि पुढच्या रविवारी परत आणून, आठवडाभर काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. हा बेल्ट सरांना त्यांच्या गुरूंनी दिलेला. ते गुरू बोटीवर स्वयंपाकी होते, कुठल्या कुठल्या बंदरांत शिकून आले होते आणि म्हातारपणी एका गच्चीवर चार पोरांना शिकवायचे. त्या चारांतले हे एक. चौतीस वर्षं बांधून बांधून वरचा काळा दोरा झिजला आणि आतला पांढरा वर आला. बेल्ट जेवढा पांढरा, तेवढा माणूस जुना, हे कराट्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काळ्या बेल्टने काळं असावं ही अपेक्षा फक्त माझ्यासारख्या सुशिक्षित माणसाची.

भागूला दोन वर्षांत हा बेल्ट एकदाही मिळाला नव्हता. तिच्या लाथा छान, ठोसे छान, पण कराट्यात ठोशाबरोबर ओरडावं लागतं. पोटातून. तीस मुलं ‘हाय!’ करून ओरडायची तेव्हा खालच्या दुकानातला टायरवाला दचकायचा, आणि आमची भागू ओठांची नुसती हालचाल करायची. मुलं तिला ‘म्यूट’ म्हणायची. सर कधी रागावले नाहीत. तिच्यासमोर उभे राहायचे, म्हणायचे, “ऐकू आलं नाही. पुन्हा.” आणि थोडं थांबून पुढच्या मुलाकडे जायचे. दोन वर्षं, आठवड्यातून चार वेळा, न चुकता. माणसाने चिकाटी म्हणजे किती धरावी!

मी एकदा काकूंना म्हटलं, “एवढं ओरडण्याचं काय घेऊन बसलेत सर? बाकी सगळं येतं की तिला.”

काकूंनी वही मिटली. म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक नाही ना? हे आधी फक्त स्वतःपुरते करायचे कराटे. एकदा एका इमारतीत लिफ्टच्या नेहमीच्या तपासणीला गेले, तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली. बाहेर कुणाला पत्ता नाही. यांनी वरून झडप उघडली तर आत कोपऱ्यात सहा वर्षांचं पोर बसलेलं. दोन तास. आणि शांत. यांनी विचारलं, अरे, ओरडलास का नाहीस? तर म्हणतं, आई म्हणते दुपारी आवाज करायचा नाही, लोक झोपतात.”

“मग?”

“मग काय. त्या दिवशी घरी आले, जेवले नाहीत. पुढच्या महिन्यात हा हॉल घेतला. मला म्हणाले, मारामारी काय, कुणीही शिकवेल. मी ओरडायला शिकवतो.”



आणि मागच्या रविवारी भागू ओरडली. कशी, कुणास ठाऊक. सर समोर आले, म्हणाले, “पुन्हा,” आणि तिच्यातून असा आवाज निघाला की काकूंच्या हातून पेन पडलं. मी तिथे नव्हतो. मी बाहेर चहा पीत होतो. बापाच्या आयुष्यातले मोठे क्षण नेमके चहाच्या वेळेला येतात. भागू बेल्ट पिशवीत घालून घरी आली, खुंटीला टांगला आणि आठवडाभर रोज शाळेत जाताना त्याच्याकडे बघून जायची, असं बायको म्हणाली. आणि सातव्या दिवशी तिच्या बापाने त्याला रद्दी बांधली.

तर, रद्दीचं दुकान. आम्ही तिघंही धावलो. दुकानाला कुलूप आणि कुलुपाखाली पाटी: ‘दुपारी बंद. चारला उघडेल.’ वाजला होता एक.

तिथे, त्या बंद दुकानासमोर, मी एक योजना मांडली. आजही आठवली की कानाच्या पाळ्या तापतात. मी म्हटलं, “हे बघ भागू, चारपर्यंत थांबू. मिळाला तर प्रश्नच मिटला, सांगायचं कशाला उगाच? आणि नाही मिळाला, तर एक नवा ब्लॅक बेल्ट आणू. दगडावर घासू, सोड्यात भिजवू, थोडा फरशी पुसायला वापरू. उद्यापर्यंत चौतीस वर्षांचा करून टाकतो.”

बायको म्हणाली, “करा, करा. एक करून निस्तरेना, तर दुसरं करा.”

भागूने माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज पुन्हा पंखा बंद करण्याइतका खाली गेला होता. “सरांना सांगायचं.”

“सांगू गं. उद्या.”

“आत्ता.”

फोन लागेना. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, बाजारामागच्या जुन्या आठ मजली इमारतीत लिफ्टच्या कामाला गेलेत, आत रेंज नसते. गेलो. बायको दुकानापाशीच थांबली, न जाणो तो लवकर उघडायचा.

इमारत जुनी, लिफ्टही जुनी, लोखंडी जाळीच्या दाराची. दाराला साखळी आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी. वॉचमन म्हणाला, “मेकॅनिक लिफ्टच्या डोक्यावर आहे. सातव्यापाशी. भेटायचं तर जिना चढा.”

“हाक नाही का मारता येणार?”

“मारा की. आत्तापर्यंत तिघांनी मारली. वर मोटरचा आवाज असतो.”

मी भागूला खाली वॉचमनपाशी उभं केलं आणि चढायला लागलो. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. वर जाऊन, एकांतात, हळू आवाजात, जरा मीठमसाला कमी करून सांगता आलं असतं. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून दम खात होतो, तेवढ्यात खालून आवाज आला.

“सssर!”

मला आधी कळलंच नाही की हा आवाज कुणाचा. लिफ्टची ती विहीर म्हणजे आठ मजली भोंगाच. मोटर बंद झाली. वरून, खूप वरून, सरांचा शांत आवाज आला, “कोण?”

“मी! भागू!”

“काय?”

“बेल्ट हरवला!”

“ऐकू आलं नाही. पुन्हा.”

“तुमचा बेल्ट हरवला!”

“पोटातून. कुणी हरवला?”

“बाबांनी!”

“कुठे?”

“रद्दीत दिलाss! रद्दी बांधलीss!”

मजल्यामजल्यावर दारं उघडली. माझ्या शेजारच्या दारातून एक आजीबाई डोकावल्या. “कुणाच्या बाबांनी हो?”

“आहेत कुणीतरी,” मी म्हटलं.

“बिनडोक दिसतात.”

“हो, तसं ऐकलंय मीही.”

वरून पुन्हा सरांचा आवाज, “आता ऐकू आलं. येतोय.”

सर सात मजले जिन्याने उतरून आले. माझ्याजवळून जाताना थांबलेही नाहीत. खाली जाऊन त्यांनी कापडाच्या बोळ्याने हाताचं ग्रीस पुसलं आणि भागूसमोर उकिडवे बसले. मी चार पायऱ्या वर उभा राहून बघत होतो. वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

“घाबरलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“तरी आलीस.”

“हो.”

“बरं. दुकान कितीला उघडतं?”

“चारला.”

“मग अजून वेळ आहे. काम संपवतो. बस इथे.” आणि ते परत सात मजले चढून गेले. कुणाच्या घरची लिफ्ट अर्धवट सोडून स्वतःच्या बेल्टच्या मागे धावणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. मी आणि भागू वॉचमनच्या बाकावर दोन तास बसलो. त्या दोन तासांत इमारतीतले एकवीस लोक खाली येऊन ‘तेच का ते बाबा’ म्हणून मला बघून गेले. वॉचमन बोट दाखवायचा.

काम संपवून सर आमच्याबरोबर दुकानापाशी आले आणि चारला दुकान उघडलं. रद्दीवाल्याने आमची कहाणी अर्धीच ऐकली. “साहेब, दिवसाला शंभर गठ्ठे येतात. गाठी सोडत बसलो तर जन्म जाईल. आम्ही कापतो.” त्याने हवेत सुरी फिरवून दाखवली आणि कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. पोत्यात कापलेल्या सुतळ्या, नाड्या, प्लास्टिकच्या दोऱ्या.

सर पोत्याशी मांडी घालून बसले. एकेक दोरी काढून बाजूला ठेवू लागले, घाई नाही, चिडणं नाही. भागू शेजारी बसली. बायकोही बसली. मीही बसलो, जरा लांब. वीसेक मिनिटांनी सरांच्या हाताला तो लागला. मधोमध सरळ कापलेला. दोन तुकडे, आणि त्यांना एकत्र धरून माझी ती गुडघा देऊन मारलेली गाठ.

रद्दीवाल्याने तराजू खाली ठेवला. सरांनी ती गाठ हातात धरली, अंगठा फिरवला, उजेडाकडे नेली, पुन्हा अंगठा फिरवला. किती वेळ बघत होते! मला वाटलं, त्यांना आपले बोटीवरचे गुरू दिसत असतील, ती गच्ची, ती तरुणपणाची वर्षं. मी म्हटलं, “सर, मी…” त्यांनी हात वर केला. गाठ सोडली, तुकडे माझ्या हातात दिले.

“शिवून आणा. उद्या सात वाजता.”

“चांगल्या टेलरकडून शिवून घेतो, सर.”

“तुम्ही.”

मी आयुष्यात बटणही शिवलेलं नाही. त्या संध्याकाळी भागूने सुईत दोरा ओवून दिला, बायकोने टीका पुरवली आणि मी टाके घातले. ते टाके म्हणजे मुंग्यांची वरात वाट चुकल्यासारखे. तीनदा बोट टोचलं. बेल्टवर रक्ताचा एक ठिपकाही पडला. धुवायचा नाही हा नियम असल्यामुळे तो आता कायमचा तिथेच.

रविवारी सातला हॉलमध्ये गेलो. चपला भिंतीला समांतर लावल्या, दोनदा तपासल्या. सरांनी भागूला पुढे बोलावलं. रीतीप्रमाणे तिने आठवड्याचा वृत्तांत सांगायचा. तिने सांगितला. सगळा. खुंटी, रद्दी, दगडावर घासायची योजना, काहीही गाळलं नाही. पंखे चालू होते, आणि शेवटच्या रांगेतल्या मुलालाही स्वच्छ ऐकू गेलं, कारण तो हसून हसून आडवा झाला. मी दाराशी गुडघ्यांवर बसलो होतो. मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

सरांनी शिवलेला बेल्ट हातात घेतला. माझे टाके ओढून पाहिले. निघाले नाहीत. मग मुलांना म्हणाले, “जमत नव्हतं ते कुणी केलं या आठवड्यात?” तीस बोटं भागूकडे वळली. बेल्ट पुन्हा तिच्या हातात गेला, आणखी एका आठवड्यासाठी. तिने तो पिशवीत घातला आणि पिशवी काकूंच्या टेबलाखाली ठेवली, माझ्यापासून होईल तेवढी लांब.

क्लास सुटल्यावर मुलं जिना दणाणत उतरली. सर गाद्या गुंडाळत होते. मी आदल्या दिवसापासून मनात जुळवलेलं भाषण घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. एक गादी उचलून त्यांच्या हाताशी दिली आणि बोलायला लागलो.

“सर, मला नीट बोलता येत नाही, पण आज बोलू द्या. माझ्या पोरीला तुम्ही दोन वर्षं रोज ‘पुन्हा’ म्हणालात. आम्ही घरात तिचा आवाज ऐकायला पंखा बंद करायचो, सर, पण तिला ‘मोठ्याने बोल’ म्हणायचं आम्हाला सुचलं नाही. उलट भागू म्हणून हसायचो. काल ती आठ मजले ऐकू जाईल अशी ओरडली. माझी अब्रू गेली त्यात, जाऊ दे, ती काही फार नव्हती. पण उद्या ती कुठे अडकली ना सर, कुठेही, तर गप्प बसणार नाही. हे तुम्ही दिलंत तिला. आणि मी तुमच्या गुरूंचा बेल्ट रद्दीत घातला. काल तुम्ही ती गाठ हातात धरून एवढा वेळ बघत होतात. काय वाटलं असेल तुम्हाला! मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सांगा ना सर, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?”

सरांनी शेवटची गादी भिंतीला टेकवली, सरळ केली आणि माझ्याकडे वळले.

“गाठ उलटी होती.”